दोष पावसाचा नव्हता : फुगलेल्या कपॅसिटरांचा इतिहास

१/२०
लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. भिंतींना ओल चढते, पुस्तकांना बुरशी लागते, काडेपेटीची काडी पेटेनाशी होते. अशा गावात २००३-०४ च्या सुमारास एखादा संगणक अचानक बंद पडला, तर दोष कोणाच्या माथी जाणार? अर्थातच पावसाच्या, नाहीतर सतत ये-जा करणाऱ्या विजेच्या. मात्र त्याच वर्षांत, घाटमाथ्याचा पाऊस ज्यांनी कधी पाहिलेला नाही अशा टेक्सासमधील कचेऱ्यांतही संगणक अगदी तसेच बंद पडत होते. आजचा थ्रेड त्या जगभर पसरलेल्या साथीविषयी, आणि दोष चुकीच्या ठिकाणी शोधण्याच्या आपल्या सवयीविषयी.

२/२०
प्रथम रोगाची लक्षणे पाहू. संगणक मध्येच आपोआप पुन्हा सुरू होई. कधी पंखा फिरे, दिवा लागे, पण पडदा काळाच राही. खोके उघडले की प्रोसेसरभोवती उभ्या असलेल्या लहान दंडगोलाकार डब्या दिसत. त्यांचा माथा सपाट असायला हवा. आजारी मदरबोर्डवर तो घुमटासारखा फुगलेला असे. काहींच्या माथ्यावर वा बुडाशी तपकिरी, वाळलेल्या गोंदासारखा थर जमलेला दिसे. या डब्या म्हणजे कपॅसिटर. आपल्या पाठ्यपुस्तकांतील त्यांचे नाव ‘धारित्र’.

३/२०
धारित्राचे काम समजून घेण्यासाठी मावळाइतके चांगले ठिकाण नाही. ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची पायाभरणी झाली. या प्रकल्पापुढील मोठी अडचण सोपी होती: घाटमाथ्यावर पाऊस पडतो चार महिने, आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज लागते बाराही महिने. उत्तर होते साठवण. लोणावळा, वळवण आणि शिरवटा ही जलाशयांची त्रयी त्यासाठीच उभी राहिली. तेथील पाणी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला उतरले आणि १९१५ मध्ये मुंबईला वीज मिळू लागली.

४/२०
पुढे आंदर मावळात ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. शेजारच्या मुळशी पेट्यातील धरणाला मात्र मावळ्यांनी आपल्या जमिनींसाठी कडवा विरोध केला. १९२१ मध्ये सुरू झालेला तो मुळशी सत्याग्रह आणि सेनापती बापटांचे नेतृत्व आपल्याला ठाऊक आहेच. साठवण ही गोष्ट कधीच फुकट होत नाही, एवढे येथे ध्यानात ठेवू. आता या धरणाची नखाएवढी प्रतिकृती कल्पनेत आणा. पाऊस अनियमित, मागणी अखंड, मध्ये जलाशय. विजेच्या मंडळात हेच काम कपॅसिटर करतो.

५/२०
संगणकाचा वीजपुरवठा भिंतीतील प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर करतो. २००० नंतरच्या प्रोसेसरांना साधारण दीड व्होल्ट इतका अल्प दाब लागे, पण प्रवाह मात्र प्रचंड. साठ वॅटचा प्रोसेसर दीड व्होल्टवर चालवायचा, तर चाळीस अँपिअर हवेत. ही मागणीही स्थिर नसते; सेकंदाच्या लक्षांशात ती चढते आणि उतरते. मदरबोर्डवरील कपॅसिटर प्रत्येक चढाला साठ्यातून भर घालतात, प्रत्येक उताराला जादा भार पोटात घेतात. हा जलाशय गळू लागला की प्रोसेसरच्या दारी कधी पूर, तर कधी दुष्काळ.

६/२०
या वस्तूचा इतिहास जुना आहे. १७४५-४६ मध्ये फॉन क्लाइस्ट आणि लेडनचा मुशेनब्रूक या दोघांनी स्वतंत्रपणे काचेच्या बाटलीत विद्युतभार साठवून दाखवला; तीच ‘लेडन जार’. दोन वाहक आणि त्यांच्यामध्ये विद्युतरोधक, एवढीच तिची रचना. रोधक जितका पातळ, तितकी साठवण अधिक. काच किती पातळ करणार? १८९६ मध्ये कारोल पोलाक या संशोधकाने वेगळी वाट काढली. ॲल्युमिनियमला योग्य द्रवात ठेवून वीज दिली की त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कवच चढते. तेच कवच रोधक म्हणून वापरायचे!

७/२०
हे कवच किती पातळ असते? दर व्होल्टमागे जेमतेम दीड नॅनोमीटर. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. त्यामुळे बोटाच्या पेराएवढ्या डबीत मोठी साठवण मावते. परंतु या रचनेत एक नाजूक करार दडलेला आहे. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये द्रवात भिजलेला कागद असतो. तो द्रव विजेला वाट देतो, आणि कवचाला कोठे चीर पडली तर तेथे नवे ऑक्साइड चढवून ते सांधतोही. द्रव निरोगी, तोवर कवच निरोगी. द्रव बिघडला, आटला, की डबीचा मृत्यू ठरलेला.

८/२०
आपल्या आजोबांच्या पिढीने हा मृत्यू कानांनी ऐकला आहे. वाल्व्हच्या रेडिओत, मग तो ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी का असेना, वर्षे उलटली की बातम्यांच्या मागे एक सलग घुमणारा ‘हूं’ ऐकू येऊ लागे. वीज सपाट करणारा कपॅसिटर थकल्याची ती खूण होती. दुरुस्ती करणारा कारागीर जुनी डबी काढून नवी बसवी आणि रेडिओ पुन्हा बोलू लागे. म्हणजे कपॅसिटर मरतात, हे नवे नव्हते. १९९९ नंतर नवे होते ते एवढेच, की पंधरा-वीस वर्षांनी येणारे मरण आता दोन-तीन वर्षांत येऊ लागले होते.

९/२०
असे का झाले? प्रोसेसरांची भूक वाढत होती. जास्त प्रवाह झटपट द्यायचा, तर कपॅसिटरचा अंतर्गत रोध कमी हवा; अन्यथा तो स्वतःच तापतो. १९९० च्या दशकाअखेर जपानी कारखान्यांनी यावर स्वस्त उपाय शोधला: द्रवात पाण्याचे प्रमाण वाढवायचे. पाण्यात आयन सहज हिंडतात, रोध घटतो, खर्चही कमी. अडचण एकच. पाणी आणि उघडे ॲल्युमिनियम यांचे जमत नाही. ऑक्साइडचे कवच भेदले गेले की पाण्याची धातूशी अभिक्रिया होते, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड तयार होते आणि हायड्रोजन वायू सुटतो.

१०/२०
बंद डबीत वायू साठला की माथा फुगणारच. डबीच्या माथ्यावर कोरलेल्या इंग्रजी ‘के’ अक्षरासारख्या किंवा फुलीसारख्या रेघा आपण पाहिल्या असतील. त्या शोभेसाठी नाहीत. दाब वाढला तर स्फोट न होता तेथेच फाटून वायूला वाट मिळावी, यासाठी तो भाग मुद्दाम कमजोर केलेला असतो. पाण्याचा हा उपद्रव रोखण्यासाठी द्रवात काही संरक्षक रसायने मिसळावी लागतात. खरी विद्या पाणी घालण्यात नव्हती. ती या रसायनांच्या निवडीत आणि प्रमाणात होती. आणि नेमकी तीच काही कारखान्यांपाशी नव्हती.

११/२०
२००२ मध्ये अमेरिकेतील व्यापारी नियतकालिकांतून तैवानी बनावटीच्या सदोष कपॅसिटरांच्या बातम्या झळकू लागल्या. फेब्रुवारी २००३ मध्ये ‘आय.ई.ई.ई. स्पेक्ट्रम’ या प्रतिष्ठित मासिकाने गळक्या कपॅसिटरांनी मदरबोर्ड बाद होत असल्याचे वृत्त दिले. पुढच्या वर्षी हिलमन आणि हेल्मोल्ड या अभ्यासकांनी बिघडलेल्या डब्या उघडून आतील द्रव तपासला. चांगल्या जपानी डबीतील द्रव आम्लधर्मी, पीएच सुमारे ४. या बिघडलेल्या डब्यांत मात्र तो ७ ते ८ च्या घरात. आवश्यक संरक्षक घटक गैरहजर वा अपुरे होते.

१२/२०
याच सुमारास एक चटकदार कथा पसरली. जपानमधील रुबीकॉन कंपनीत काम केलेला एक शास्त्रज्ञ चीनमधील दुसऱ्या कंपनीत गेला. तेथे त्याने पाणीयुक्त द्रवाचे सूत्र पुन्हा तयार केले. मग त्याच्या हाताखालची माणसे ते सूत्र घेऊन तैवानला पळाली, पण सूत्र अर्धवटच उतरवले गेले होते! चोरी, हेरगिरी आणि चोरावर उलटलेली चोरी. एखाद्या कादंबरीला शोभेल असे कथानक. आजही इंटरनेटवर या साथीचे कारण म्हणून हीच कथा सर्रास सांगितली जाते.

१३/२०
इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र येथे थांबावे. या कथेचा उगम उद्योगजगतातील सूत्रांच्या हवाल्याने आलेल्या मोजक्या वार्तांत आहे. न्यायालयात सिद्ध झालेले हे प्रकरण नव्हे. रासायनिक पुरावा सांगतो तो इतकाच, की द्रवाचे मिश्रण अपुरे होते. ते अपुरे का होते, हे पीएच सांगत नाही. प्रयोगशाळेतील निष्कर्ष एक, आणि त्याला जोडलेली कथा दुसरी. बखरीतील प्रसंग आणि समकालीन पत्र यांत आपण जो फरक करतो, तोच येथेही करायला हवा. कथा खोटी आहे असे नव्हे. तिचे वजन पुराव्याच्या वजनाइतके नाही.

१४/२०
आणि ही कथा संपूर्ण साथीला पुरतही नाही. याच काळात डेल कंपनीच्या ऑप्टिप्लेक्स संगणकांत जे कपॅसिटर बिघडले, ते निचिकॉन या नामांकित जपानी कंपनीचे होते. चोरलेल्या अर्धवट सूत्राचा येथे संबंध लावता येत नाही. मे २००३ ते जुलै २००५ या काळात असा धोका असलेले किमान १ कोटी १८ लाख संगणक डेलने ग्राहकांकडे रवाना केले होते, हे पुढे न्यायालयीन कागदपत्रांतून उघड झाले. २००५ मध्ये कंपनीने त्यांच्या दुरुस्तीसाठी सुमारे ३० कोटी डॉलरचा भार हिशेबात धरला.

१५/२०
त्या कागदपत्रांच्या आधारे जून २०१० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दिलेल्या वृत्तातील एक प्रसंग विसरता येत नाही. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातील संगणक बंद पडू लागले, तेव्हा कंपनीकडून सांगण्यात आले की तुम्ही त्यांच्याकडून फार अवघड गणिते करून घेत आहात, म्हणून ते थकले! गणिताच्या विभागाने गणिते केली, हा त्यांचा अपराध. कारखान्यातील दोष वापरणाऱ्याच्या पदरात कसा बांधला जातो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

१६/२०
आता पुन्हा आपल्याकडे येऊ. त्या काळी आपल्याकडील घराघरांत आलेले बहुतेक संगणक ‘असेंबल्ड’ होते. मदरबोर्ड तैवान वा चीनमध्ये बनलेला. तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या परिसरातून घ्यायचा. लोणावळा तर या दोन बाजारांच्या बरोबर मध्ये. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली, एमएस-सीआयटीचे वर्ग महाराष्ट्रात तालुक्यातालुक्यांत पोहोचले. हजारो घरांतला पहिला संगणक कर्ज काढून, भिशी लावून आला. त्याच सुमारास राज्यात भारनियमनही वाढत गेले. संगणक बिघडला की कारण तयारच असे: ‘व्होल्टेज!’

१७/२०
घाटमाथ्यावर तर पावसाविरुद्ध एक सबळ वाटणारा पुरावाही होता. आजारी संगणक पावसाळी, गार सकाळी सुरू होत नसे. तीन-चार वेळा बटण दाबल्यावर, थोडा तापल्यावर तो चालू होई. पाहणारा म्हणे, ‘ओल धरली होती, सुकली.’ प्रत्यक्षात घडत असे ते वेगळेच. द्रव गार असला की त्याचा रोध वाढतो. तो तापला की रोध उतरतो. बिघडलेल्या कपॅसिटरमध्ये एवढा फरकही चालू आणि बंद यांतला फरक ठरे. निरीक्षण अचूक होते, अनुमान चुकले होते. दमट हवा आणि अस्थिर वीज यांमुळे यंत्रे बिघडतात हे खरेच; पण माथा आतून फुगवणारा हायड्रोजन पावसातून आलेला नव्हता.

१८/२०
हे अनुमान चुकल्याची किंमत कोणी मोजली? मोठ्या कंपनीच्या मोठ्या ग्राहकाला बदली मदरबोर्ड मिळाला. सुट्या भागांतून संगणक जुळवून घेतलेल्या कुटुंबाला तो बहुधा मिळाला नाही. वॉरंटी संपलेली, आणि ‘व्होल्टेजने गेला’ म्हटल्यावर दावा कोणावर करायचा? खरा दिलासा दिला तो सोल्डरिंगची कांडी हाती धरणाऱ्या कारागिरांनी. ज्यांनी खोके उघडून फुगलेला माथा ओळखला, त्यांनी काही रुपयांच्या डब्या बदलून हजारोंचा संगणक वाचवला. अनेकांनी मात्र ‘बोर्ड गेला’ हा निकाल मान्य केला आणि संगणक भंगारात दिला. त्याच्याबरोबर त्यातील हार्ड डिस्कही गेली.

१९/२०
येथे हा विषय आपल्यासारख्या इतिहासप्रेमींच्या दारात येतो. कपॅसिटर मेला तरी डिस्कवरील मजकूर बहुधा शाबूत असतो. त्या पिढीतील मराठी लेखन पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’त किंवा सी-डॅकच्या प्रणालींत टंकले गेले होते. युनिकोड सर्वत्र पोहोचण्यापूर्वीचा तो मजकूर योग्य फाँट नसेल तर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. गावच्या इतिहासाच्या टिपणवह्या, संस्थांची इतिवृत्ते, दिवाळी अंकांची हस्तलिखिते, गड-लेण्यांच्या भटकंतीच्या नोंदी यांपैकी कितीतरी लेखन अशाच एखाद्या माळ्यावरच्या ‘बिघडलेल्या’ संगणकात पडून असेल. कार्ले-भाज्याच्या कातळातील लेख दोन हजार वर्षे टिकले; वीस वर्षांपूर्वीची संगणकीय नोंद मात्र एका डबीच्या चुकीच्या निदानाने हरवू शकते.

२०/२०
म्हणून घरी, शाळेत, वाचनालयात जुना संगणक असेल तर तो भंगारात देण्यापूर्वी त्यातील डिस्क काढून घ्या. जुन्या धाटणीच्या डिस्कला यूएसबीवर जोडणारे साधन मिळते. मजकुराबरोबर फाँटच्या फायलीही उतरवा. त्यांच्याविना मजकूर मुका आहे. बोर्डवरच्या डब्या जाणकाराकडूनच बदला, आणि वीजपुरवठ्याचा डबा स्वतः उघडू नका, कारण वायर काढल्यावरही त्यातील कपॅसिटर धोकादायक भार धरून असू शकतात. पुढे मदरबोर्डवर द्रवाऐवजी घन पॉलिमरचे कपॅसिटर आले आणि ही साथ ओसरली. त्या पिढीचे संगणक मात्र अजून माळ्यांवर आहेत. यंदा पाऊस उघडल्यावर एकदा माळ्यावर चढा, खोके उघडा आणि डब्यांचे माथे पाहा. फुगलेले दिसले, तर पावसाला दोष देऊ नका. आणि आतली डिस्क मात्र फेकू नका.